चौदावा अहवाल

खुणेची रुंदी चार मिलिमीटर होती. दोन्ही मनगटांवर सारखीच. आतल्या बाजूला खोल, बाहेरच्या बाजूला उथळ. तिने मोजपट्टी पुसली आणि पुन्हा लावली. तेवढीच भरली. मग कातडीत रुतलेला एक धागा चिमट्याने अलगद सोडवून पांढऱ्या कागदावर ठेवला. धागा निळा होता.

त्या दिवशी सकाळपासून तिने तेरा मृतदेह तपासले होते. आदल्या दिवशी भर बाजारात मोटरसायकलींवरून टोळी आली आणि दोन तास कापत, जाळत, लुटत राहिली. सर्वांत जवळची पोलीस चौकी पंचेचाळीस किलोमीटरवर. पोलीस पोहोचले तेव्हा दुकानांच्या फळ्या नुसत्या धुमसत होत्या. गावच्या रुग्णालयातला एकुलता एक डॉक्टर जिवंतांना टाके घालत होता, म्हणून बातमी ऐकून राजधानीहून आपल्या गावी धावत आलेल्या तिनेच, तिथल्या खासदारबाईने, एप्रन चढवला. निवडून येण्याआधी बारा वर्षं तिने हेच काम केलं होतं.

कोयत्याचे वार बहुतेकांच्या हातांवर होते, कोपरापासून खाली. डोकं वाचवायला माणूस हात वर करतो. एका म्हाताऱ्याचा हात कातडीच्या चिंधीवर लोंबत होता. सातवी तिची वहिनी होती. दुकानाचं शटर आतून दाबून धरलेलं असताना पत्र्यातून आरपार आलेल्या तीन गोळ्या पोटात होत्या. उजव्या हाताची बोटं अजून कडी धरल्यासारखी वळलेली होती. ती सरळ करायला तिला दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. तिने कारण लिहिलं, सही केली, हातमोजे बदलले आणि आठव्याकडे वळली.

चौदावा गावचा नव्हता. टोळीतला होता, असं सगळेच सांगत होते. गावच्या राखण पथकाने त्याला ओढ्याजवळ गाठलं होतं. पथकाचा म्होरक्या तिचा दादा. त्याने पोलिसांना लिहून दिलं होतं, पळताना गोळी लागली.

गोळी मानेत मागून शिरली होती आणि भोकाभोवती काजळीचं नाण्याएवढं वर्तुळ होतं. म्हणजे बंदुकीची नळी मानेपासून वीतभरही दूर नव्हती. सात बरगड्या मोडलेल्या. पुढचे चार दात घशात. नखांखाली पितळेचा पिवळा कीस, वजनं घासून नेमकी करणाऱ्या तराजूवाल्यांच्या नखांत असतो तसा. डाव्या कानामागे घेवड्याच्या बीएवढा गुळगुळीत खळगा, वर्षानुवर्षं तिथे काहीतरी टेकून बसल्याचा.

आणि तो निळा धागा. तिच्या वडिलांनी दुकानातल्या पशुखाद्याच्या पोत्यांसाठी चाळीस वर्षांपूर्वी मुद्दाम निळा पीळ घातलेली सुतळी वळून घेतली होती, पोतं कुठेही दिसलं तरी आपलं म्हणून ओळखू यावं. लहानपणी दादा तो पीळ उसवून तिच्या मनगटावर बांगड्या बांधायचा.

तिने तेरा अहवाल पूर्ण केले. चौदाव्यात ‘मृत्यूचे कारण’ या रकान्यात लिहिलं: तपासणी चालू.

बावीस दिवस झाले. अजून चालूच होती.

“डॉक्टरीणबाई, चेहरा का असा?” संसदेच्या लांबलचक मार्गिकेत पक्षाच्या प्रतोदांनी तिला गाठलं. मतदानाच्या दिवशी एकेक खासदार हुडकून सभागृहात आणून बसवणं हे त्यांचं काम. सकाळपासून त्यांनी जिवाचं रान केलं होतं. “तुम्हाला मुडद्यांची सवय आहे. आत बसलेले तर नुसते अर्धमेले आहेत.”

ती हसली नाही. मग तेच हसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “दोन मतांचा खेळ आहे. तुमचंच विधेयक, तुम्हीच पाडणार नाही एवढी खात्री असल्यावर मला झोप लागते.”

विधेयक तिचंच होतं. प्रत्येक गावाला स्वतःचे सशस्त्र पोलीस, गावातूनच भरती केलेले. दोन वर्षं तिने त्यासाठी घसा कोरडा केला होता आणि कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. बाजार जळल्यावर मात्र सगळ्यांना घाई झाली. फक्त नववं कलम समितीला खुपत होतं. गावपोलिसांच्या हातून कोणी मेला, तर बाहेरच्या डॉक्टरकडून तपासणी. गळ्यात असा फास अडकवून कोण नोकरी करेल, असं समितीत एक जण म्हणाला होता. चौदाव्याला तपासून तेव्हा पाचच दिवस झाले होते. सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली होती, “ठीक आहे, काढा.”

अभ्यागतांच्या दारापाशी दादा उभा होता. शर्टाला इस्त्री त्याने स्वतःच केलेली दिसत होती. एका बाहीवर दोन घड्या पडल्या होत्या.

“छोटे, जेवलीस का?”

“नंतर. पिंटी कशी आहे?”

“शटरला पाठ लावून बसते दिवसभर. दुकान उघडू देत नाही. मी उचलायला गेलो तर चावली.” त्याने अंगठा दाखवला. दातांचे व्रण निळे पडले होते. “तिला सांगितलंय, आत्या बंदुका पाठवणार आहे. मग बाबा शटर उघडतील. तेवढं ऐकून जेवली काल.”

ती त्या व्रणांकडे बघत राहिली.

“आणि हे बघ, काय आणलंय.” त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. “पेपरवाल्यांना दाखवायला. त्या चौदाव्याच्या कानात होतं. वायरलेस! त्या हरामखोरांच्या कानांत असलीच यंत्रं होती, बाजारात सगळ्यांनी पाहिलंय.”

रुमालात बेज रंगाच्या प्लास्टिकचे तुकडे होते, चपलेच्या टाचेखाली चिरडलेले. एक पारदर्शक नळी मात्र शाबूत होती, आणि तिच्या टोकाला कानाच्या आकाराचा मऊ साचा. तसा साचा ज्याच्या त्याच्या कानाच्या मापाने करून घ्यावा लागतो. तिने त्याला हात लावला नाही.

“हे कधी काढलंत?”

“पकडल्याबरोबर. म्हटलं, बाकीच्यांना बोलावून घेईल.”

“आणि मग विचारलंत त्याला.”

“विचारलं म्हणजे? ओरडून ओरडून घसे बसले आमचे. बाकीचे कुठे गेले, किती आहेत, कुणाची माणसं. एक अक्षर नाही! नुसता तोंडांकडे बघायचा. याच्या तोंडाकडे, मग त्याच्या तोंडाकडे. इतका निगरगट्ट माणूस मी जन्मात पाहिला नाही.” तो थांबला. उजव्या मुठीची हाडं डाव्या तळव्याने चोळू लागला. “एक शब्द बोलला असता ना, छोटे, तर सोडला असता मी त्याला. आईशपथ.”

“तू लिहून दिलंस की तो पळत होता.”

“मग काय लिहायचं होतं?” त्याचा आवाज चिरकला. “तिची बोटं तूच सरळ केलीस ना? तू पाहिलंस. तू सांग, मी काय लिहायला हवं होतं?”

आत घंटा वाजली. लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत जाऊ लागले.

“दादा, ते यंत्र...”

“काय?”

त्याच्या डोळ्यांखालची कातडी काळवंडली होती. दाढी करताना हनुवटीखालचा एक पट्टा राहून गेला होता. वहिनी असती तर दारातूनच परत पाठवला असता.

“खिशात ठेव,” ती म्हणाली. “कोणाला दाखवू नकोस.”

सभागृह जुनं होतं आणि छत फार उंच. वरच्या गॅलरीत खालचा आवाज अर्धामुर्धाच पोहोचायचा. लोकांना वर काही ऐकू जात नाही म्हणूनच आपण पुन्हा पुन्हा निवडून येतो, हा प्रतोदांचा ठरलेला विनोद. गावाहून आलेली वीसेक माणसं पहिल्या रांगेत कठड्याला रेलून बसली होती. दादा मधोमध.

मतदान तोंडी होतं. सचिव आसनाचा क्रमांक पुकारायचे. सदस्याने उभं राहून ‘हो’ म्हणायचं किंवा ‘नाही’, वाटल्यास एका वाक्यात कारण द्यायचं; ते वाक्य जसंच्या तसं नोंदीत जायचं. पहिल्या फेरीत ‘नंतर’ म्हणायची मुभा होती, दुसऱ्या फेरीत नाही.

“आसन एकशे सात.”

“नंतर,” ती म्हणाली.

प्रतोदांनी खुर्चीत वळून पाहिलं. तिने फाइल उघडली. चौदावा अहवाल सगळ्यांत खाली होता, आणि त्याला टाचलेल्या पाकिटात घडी घातलेला पांढरा कागद. तिने पेनाचं टोपण काढलं. ‘तपासणी चालू’वर सरळ एक रेघ मारली आणि खाली लहान, सुवाच्य अक्षरांत लिहू लागली. हात बांधलेल्या स्थितीत मारहाण. त्यानंतर अगदी जवळून मानेत गोळी. मृताला श्रवणदोष. तारीख घालताना तिने बावीस दिवसांपूर्वीची घातली नाही, आजची घातली. शाई वाळेपर्यंत हात कागदावर टेकू दिला नाही.

एकेक ‘हो’ आणि एकेक ‘नाही’ पुढे सरकत राहिलं. फेरी संपली तेव्हा ‘हो’ एका मताने पुढे होतं आणि ‘नंतर’ म्हणालेली तीन आसनं उरली होती.

“आसन एकशे सात.”

ती उभी राहिली. गॅलरीत कोणीतरी टाळी वाजवली, मार्शलने हटकलं.

“नाही,” ती म्हणाली.

प्रतोदांच्या हातातली यादी खाली घसरली. मागच्या बाकांवरून कुजबुज उठली आणि सभापतींनी हातोडा आपटला.

“सदस्यांना कारण नोंदवायचं आहे का?”

“हो.” तिने अहवाल हातात धरला, पण त्यात पाहिलं नाही. “चौदावा माणूस पळत नव्हता, त्याचे हात माझ्या भावाच्या दुकानातल्या सुतळीने बांधलेले होते, आणि त्याच्या कानातलं यंत्र बहिऱ्या माणसाचं होतं.”

लघुलेखकाने वाक्य उतरवून घेतलं. तिने वर पाहिलं. वीसेक चेहरे एकमेकांकडे बघत होते. काय म्हणाली, काय म्हणाली. दादा कठड्यावरून पुढे वाकला होता. त्याने डावा हात कानामागे धरला होता, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

तिने माइक जवळ ओढला. त्याला ओठ दिसावेत म्हणून मान पूर्ण वर केली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली,

“नाही, दादा. त्याला ऐकू येत नव्हतं.”