पेशींची खंडेनवमी

माझी बायको बायडाबाई २००६ च्या श्रावणात गेली. त्याच वर्षी विद्यापीठातल्या आमच्या विभागात नवं सूक्ष्मदर्शक यंत्र आलं. मी तिथला शिपाई.

निशिगंधा नावाची मुलगी त्यावर पीएचडीचं शेवटचं काम करत होती. जिवंत पेशीच्या आतला रस किती घट्ट आहे ते मोजायचं, हा तिचा विषय. मला तिनं गुऱ्हाळावरून समजावलं होतं. पेशीत एक हिरवं चमकणारं प्रथिन असतं. झगझगीत प्रकाश मारून त्यातला एक ठिपका विझवायचा. मग बाजूचं प्रथिन सरकून त्या जागी येतं आणि ठिपका पुन्हा चमकतो. लगेच चमकला तर आत उसाचा रस, दमानं चमकला तर काकवी.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा दरवर्षी मी आणि बायडा करायचो. त्या वर्षी विभागप्रमुख विजयसिंह सर म्हणाले, "आकाराम, तुझं राहू दे. पूजेला जोडी लागती."

एवढा शिकलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर मी ताट खाली ठेवलं.

निशिगंधा सणाला मलकापूरला गेली होती. सर आणि वहिनीसाहेब जोडीनं आले. यंत्राला हळद-कुंकू लागलं, हार पडला. मग वहिनीसाहेबांना पेशींची काचेची बशी दिसली.

"ह्या जित्या हायत न्हवं? मग ह्यांनी काय पाप केलंय?" त्यांनी झाकण उचललं आणि चिमूटभर हळद आत सोडली.

"घाल की," सर म्हणाले. "सवाष्णीचा हात हाय."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर सरांनी स्वतः त्याच बशीत मोजमाप केलं. ठिपका विझला तो विझलेलाच राहिला. रस नाही, काकवी नाही, थेट गुळाची ढेप. सरांनी लगेच पत्रकाराला फोन लावला. "एवढी घट्ट पेशी जगात कुठं सापडली न्हाय. कोल्हापूरचं पाणीच तसं!"

मी म्हणालो, "सर, पेशी पुण्याच्या हायत. बर्फातनं मीच आणल्यात."

"हितं येऊन महिना झाला न्हवं? लागलं पाणी."

बातमी फोटोसकट छापून आली. निशिगंधानं परतल्यावर नव्या बशीत तीनदा मोजलं. तिन्ही वेळा रस पातळ.

"तुझा हात चुकतोय," सर म्हणाले. "बातमी आल्यावर पेशीनं पातळ होऊन चालत न्हाय. प्रबंधात माझा आकडा घाल, न्हायतर सही इसर." प्रबंध सोमवारी द्यायचा होता.

ती माझ्या स्टुलाशेजारी येऊन बसली. "मामा, खोटा आकडा घातला तर जन्मभर माझ्या नावावर. न्हाय घातला तर चार वर्षं गेली."

सरांच्या बशीत हळद पडलेली मी बघितली होती आणि तरी गप्प होतो. बायडाच्या पहिल्या तपासणीत काही दोष नाही असं लिहून आलं होतं. पुन्हा तपासा, असं माझ्या ओठावर आलं होतं. डॉक्टर मोठा माणूस, घाईत होता. मी पिशवी उचलली आणि तिला घरी नेलं.

मी उठलो. सरांना यंत्रापाशी बोलावलं. ते यायच्या आत रिकाम्या बशीत पाणी घेतलं आणि पूजेच्या ताटातली हळद टाकली. निशिगंधानं प्रकाश लावला. सगळं हिरवं झालं. तिनं एक ठिपका विझवला. आम्ही तिघं थांबलो. तो चमकलाच नाही.

"हेच की!" सर म्हणाले. "कुठल्या पेशी ह्या?"

"पेशी न्हाईतच, सर. हळद हाय. वहिनीसाहेबांनी सोडलेली."

सरांनी आधी दार लावलं. "आणि कुणाला म्हायती हाय?"

"आम्हा दोघांना. आणि वहिनीसाहेबांना."

"तिला सांगायची माझी छाती न्हाय," सर खुर्चीत बसले. "पर बातमीचं काय?"

"बातमीला तुमची सही लागत न्हाय, सर," निशिगंधा म्हणाली. "प्रबंधाला लागती."

तिनं तिच्या आकड्याचं पान पुढं केलं. सरांनी ते दोनदा वाचलं, सुस्कारा सोडला आणि सही केली. मग पेन तसंच धरून म्हणाले, "निशिगंधा, हळदीवरच एक मोठा प्रकल्प टाकूया का?"

शाई वाळायच्या आत तिनं कागद ओढून घेतला.