उरलेले दोन बोल्ट

दातांच्या डॉक्टरांना उभ्या आयुष्यात कुणी उलट उत्तर दिलं नव्हतं, कारण ते बोलत तेव्हा समोरच्याच्या तोंडात कापूस असे. निवृत्तीनंतर ही सोय गेली. व्याह्यांच्या नव्या सोफ्याला ते सहज 'दवाखान्यातला वाटतो' म्हणाले आणि दोन्ही घरांचं बोलणंच बंद झालं. त्या ओढाताणीत लेक-जावयाचा संसार उसवत गेला. आत्ता कुठे त्याला टाके पडत होते. दोन्ही बापांनी मिळून सायकलच्या सहलीला जावं, ही कल्पना लेकीचीच. निघताना तिने बजावलं होतं, "बाबा, त्यांना काही म्हणजे काही सुचवायचं नाही. या वेळी बिनसलं तर मला झेपणार नाही."

म्हणून डॉक्टर लॉजच्या अंगणात तोंड शिवून सायकल जोडत होते.

सहल उद्या सुरू व्हायची होती. डोंगरातले खडीचे रस्ते, पुढे गाइड, मागे सामानाची गाडी. आज खोक्यांतून सायकली काढून जोडायच्या आणि मग लॉजमागच्या उतारावर सराव. ज्याला उतार जमणार नाही त्याने उद्यापासून सामानाशेजारी बसायचं, असं गाइडबाईने हसत हसत सांगितलं होतं. तिचं हसणं बघून दोघातिघांनी गाडीतली सीट मऊ आहे का, हे आधीच दाबून पाहिलं.

व्याही पूल बांधणारे इंजिनिअर. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी पूल उभेच होते, त्यामुळे त्यांना काही सांगायच्या भानगडीत कुणी पडत नसे. सायकलचं हँडल पुढून एका छोट्या पट्टीने आवळलेलं असतं आणि पट्टीच्या चार कोपऱ्यांत चार बोल्ट असतात. डॉक्टरांनी चार लावले. व्याह्यांनी वरचे दोन लावले आणि उरलेले दोन रुमालात बांधून खिशात टाकले.

"साहेब, ते दोन राहिले वाटतं," डॉक्टरांच्या तोंडून निसटलं.

"जादाचे आहेत. हरवले तर असावेत म्हणून देतात कंपन्या."

"माझ्यात चारही लागले."

"सगळे वापरून टाकलेत?" व्याह्यांनी कीव आल्यासारखं पाहिलं. "असू द्या. अडलं तर माझ्यातला एक घ्या."

डॉक्टरांनी आभार मानले. दुसरं काय मानणार?

गाइडबाई टायरमधली हवा तपासत आली. "काका, हँडल बघू का जरा?"

"बाई, मी नदीवर पूल टाकलेत."

ती पुढे गेली, कारण पलीकडे एकाने डावं पेडल उजवीकडे बसवायला हातोडी मागितली होती. डॉक्टर तिच्यामागे लगबगीने गेले. "जरा ऐका, त्यांचं हँडल..."

"काय झालं हो डॉक्टर?" पाठीमागून व्याह्यांचा आवाज आला.

"काही नाही. साबण कुठे मिळेल, विचारत होतो."

मग त्यांनी भिंतीआड जाऊन लेकीला फोन लावला. "समजा, एखाद्या माणसाचे दोन बोल्ट..."

"बाबा."

"बरं," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

उताराचे नियम साधे होते. अंतर ठेवायचं, पुढच्याला ओलांडायचं नाही, वाटेत मधेच थांबायचं नाही. व्याही पुढे आणि डॉक्टर मागे, हे तर न बोलताच ठरलेलं. सुरुवातीला उतार सौम्य होता. पुढे वाट एकदम खाली पडत होती आणि तिथेच वळण होतं. वळणाच्या कडेला खोल कोरडा नाला होता आणि त्यात मोठाले दगड होते. व्याह्यांचं हँडल प्रत्येक धक्क्याला मान डोलावत होतं. आधी किंचित, मग मोठ्याने हो म्हणावं तसं.

"साहेब, थांबा."

"घाबरू नका, सावकाश या," व्याही मागे न बघता म्हणाले.

डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे लेकीचा चेहरा आला आणि त्याच्यामागे नाला. त्यांनी दोनच पेडलं मारली, खडी उडवत व्याह्यांना ओलांडलं आणि वळणाच्या अलीकडे सायकल वाटेत आडवी घातली.

व्याह्यांनी ब्रेक दाबला. अंगाचा भार हँडलवर आला आणि हँडल गर्रकन खाली फिरलं. ते पुढे झुकले, घसरले आणि डॉक्टरांच्या चाकाला टेकून खडीत बसले. गुडघा खरचटला होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं, हँडल सोडून.

खालून गाइडबाई धावत वर आली. आता ती हसत नव्हती. "ओव्हरटेक केलंत आणि वर सायकल आडवी घातलीत? मागून कुणी आलं असतं म्हणजे? डॉक्टरकाका, तुम्ही उद्या गाडीत."

"बरं," डॉक्टर म्हणाले. खरं कारण सांगावं तर व्याह्यांचं नाक कापलं जाणार, तेही इतक्या लोकांत. व्याही लोंबणाऱ्या हँडलकडे बघत होते. न बोलण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता आणि आजवर तो त्यांनी एकदाही वाया घालवला नव्हता.

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तिच्या हातावर ठेवला.

"यांना बसवू नका गाडीत. चूक माझी आहे."

"काय म्हणालात?" हे डॉक्टरांनी विचारलं.

"पुन्हा म्हणणार नाही."

गाइडबाईने रुमाल सोडून बोल्ट बसवले, चारही आवळले आणि हँडलवर सगळा भार टाकून पाहिलं. "दोघांनी परत वरून या. जमलं तर सायकल, नाहीतर दोघंही गाडीत."

वर पोचल्यावर व्याह्यांनी सीटवर बूड टेकलं, पण पाय काही उचलेना.

"डॉक्टर, मागून सांगत राहाल का जरा?"

"काय काय सांगू?"

"सगळंच."

डॉक्टरांकडे बरंच साचलेलं होतं. "कोपरं सैल सोडा. नजर वळणावर, चाकाकडे काय बघताय? मागचा ब्रेक. अहो, मागचा म्हटलं ना. आता पुढचा, हलकेच. बूड उचला. श्वास घ्या, फुकट आहे." वळणाशी नाला अगदी जवळून गेला. तरी सूचना चालूच राहिल्या. व्याही सांगितलं तसं करत गेले आणि खाली पोचून त्यांनी पाय टेकवला. गाइडबाईने दोघांकडे पाहून मान हलवली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

व्याह्यांनी बाहीने कपाळ पुसलं. "उद्या यातलं निम्मं बोललात तरी चालेल."

"कुठलं निम्मं?"

त्यांनी थोडा विचार केला. "ब्रेकचं तेवढं सांगत जा."