माझी पायडलं थांबत नाहीत

“आसारामकाका, तुमच्या सायकलीत भूत हाय का हो?”

डेअरीपुढच्या रांगेत हा प्रश्न आला आणि सगळ्यांचे हात किटल्यांवरच थबकले. मागे मोनिका आणि बाकीच्या मैत्रिणी ओढणीत तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. “विचारून दाखव, मग मानू,” असं त्यांनीच आराधनाला डिवचलं होतं. आणि आराधनाला कुणी ‘करून दाखव’ म्हटलं की संपलंच!

मित्रांनो, ते भूत म्हणजे मीच. मी एक जुनी, काळी, दणकट सायकल आहे. घोडेगावच्या बाजारात म्हैस घ्यायला गेलेले आसारामकाका म्हशीऐवजी मला घेऊन घरी आले, तेव्हा काकूंनी दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता. पण पुढे कित्येक वर्षं मी दोन्ही अंगांना किटल्या घेऊन रोज पहाटे डेअरी गाठली. “आसारामची सायकल आली, आता उजाडंल,” असं लोक म्हणायचे. ते ऐकून माझी घंटीसुद्धा जरा जोरात वाजायची.

मग माझी फ्रीव्हील गेली. फ्रीव्हील म्हणजे मागच्या चाकाचं ते चक्र, ज्याच्यामुळे पाय थांबवले तरी सायकल पुढे पळत राहते. त्याचे आतले दाते झिजले. पायडल मारावं तर ते नुसतंच गरगर फिरे आणि चाक जागच्या जागी! भर उन्हाळा, किटल्यांत दूध, आणि दुकान दूर. काकांनी मला शेजारच्या ट्रॉल्या बनवणाऱ्याकडे नेलं आणि त्याने चक्रावर वेल्डिंगचे चार टाके मारून दिले. दूध वाचलं. पण त्या दिवसापासून चाक फिरतंय तोवर माझी पायडलंही फिरतात. मला हातात धरून चालवलं तरी फिरतात. कुणी नसताना फिरणारी पायडलं पाहून पोरं घाबरणारच की!

“भूत न्हाई पोरी, वेल्डिंग हाय!” काका पोट धरून हसले. “बसून बघतीस का?”

ती बसली आणि पडली. पुन्हा बसली, पुन्हा पडली. तिसऱ्या दिवशी मात्र ती पायांनीच मला पळवायला आणि पायांनीच आवरायला शिकली. काकांकडे आता मोपेड आली होती. त्यांनी माझ्या सीटवरून हात फिरवला आणि म्हणाले, “ने तुला. हिला नुसती उभी ठिवू नको.”

मित्रांनो, आराधनाला माझी खरोखरच गरज होती. तिची वस्ती शाळेपासून चार किलोमीटरवर. तिचे वडील याकोब सर रोज उलट्या दिशेच्या गावी शिकवायला जातात, आणि पाऊस झाला की रिक्षा वस्तीपर्यंत येत नाही. नववीत तिचे इतके खाडे पडले की सरांनी बजावलं, “दहावीत एक जरी खाडा पडला, तर नगरला आत्याकडे राहायचं. विषय संपला.” आत्या चांगली आहे हो, पण आराधनाला आपलं घर, आपला वर्ग आणि आपली मैत्रीण मोनिका सोडून कुठेच जायचं नव्हतं.

म्हणून तिने मला बारा महिने चालेल अशी करून घ्यायचं ठरवलं. फाट्यावरच्या मच्छिंद्रच्या सायकल-दुरुस्तीच्या दुकानात आठ दिवस माझी सरबराई चालली होती. मागचं चक्र बदलून मोठं बसवलं, म्हणजे चढाला दम लागू नये. तेही वेल्डिंग मारूनच, कारण तिला फ्रीव्हील नकोच होती. “अख्ख्या शाळेत अशी सायकल आहे का कुणाकडे?” ती ऐटीत म्हणायची. दोन्ही चाकांना नवे ब्रेक आले. सलवार अडकू नये म्हणून चेनवर झाकण, बाभळीच्या काट्यांना पुरून उरतील असे जाड टायर, हिवाळ्यातल्या धुक्यासाठी दिवा, आणि उसाच्या ट्रॉल्यांना दिसावी म्हणून मागे लाल पट्टी. आणि शेवटी मडगार्ड! पांढऱ्या गणवेशावर एक ठिपकाही उडता कामा नये, म्हणून तिने ते अगदी टायरला टेकेल इतकं खाली ओढून घेतलं.

“आरधे, चिखल झाला की हे काढून ठेवायचं बरं का,” मच्छिंद्र म्हणाला. “आपली माती गूळ हाय, गूळ!”

“आणि माझा ड्रेस कोण धुणार, तू?”

“हसू नको. परत सांगतो, काढून ठेव.”

मला हे पाठ होतं. आसारामकाका दरवर्षी मृग लागायच्या आधी माझी मडगार्डं उतरवून माळ्यावर टाकायचे. पण मला फक्त घंटी आहे, आणि ती दुसऱ्याने वाजवल्याशिवाय वाजत नाही.

जून, जुलै, ऑगस्ट. आमच्याकडे पाऊस नुसता शिंपडून गेला. एकही खाडा नाही! गणवेश बगळ्यासारखा! बाईंनी वर्गात तिचं कौतुक केलं, तेव्हा मी बाहेर भिंतीला टेकून ताठ उभी होते.

मग सप्टेंबरअखेर हस्ताचा पाऊस कोसळला. शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर ती वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागली आणि काळी माती माझ्या टायरला चिकटू लागली. थरावर थर. पायडल जड होत गेलं, तशी ती उभी राहून जोर लावू लागली. ‘उतर गं बाई, उतर,’ मी आतल्या आत ओरडत होते. कसाबसा ओढ्याचा उतार आला, आणि तिथे एक खडा मातीबरोबर वर येऊन मडगार्ड आणि टायरच्या मधे रुतला. पुढचं चाक अडखळू लागलं. ब्रेक चिखलाने माखलेले. तिने पाय टेकवायला पाहिलं, पण माझी पायडलं तिच्या पायांखाली फिरतच होती. तेवढी एकच गोष्ट मला येत नाही, थांबणं. मग चाक गच्चकन अडकलं आणि ती माझ्यावरून पलीकडे गेली.

डावा हात मोडला. प्लास्टर झालं. “कशी पडलीस?” सरांनी विचारलं. नगरच्या धास्तीने तिच्या तोंडून निघून गेलं, “मच्छूदादानं चाक नीट बसवलं नव्हतं.”

त्याच संध्याकाळी सरांनी मला टेम्पोत घालून थेट दुकानावर नेलं. “पोरीचा जीव गेला असता! हे काम म्हणतोस का तू?” चार गिऱ्हाईकं ऐकत होती. मच्छिंद्र माझ्याजवळ बसला. त्याने मडगार्डातला घट्ट बसलेला चिखल बोटाने खरवडला आणि तो खडा हातात घेतला. त्याला सगळं समजलं. मी वाट पाहिली, आता बोलेल.

“चुकलं आसंल सर माझं,” तो म्हणाला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना चाक असतं, चेन असते, पण तोंड नसतं. आम्हाला कधी काय काढायचं आणि कधी काय घालायचं, हे आमच्यावर हात चालवणारी माणसं जाणतात. त्यांचं ऐका. आणि आमच्या नावावर, त्यांच्या नावावर आपली चूक लोटू नका, कारण आम्हाला ती झटकता येत नाही.

रविवारी चर्चहून आल्यावर, दुकानावरून परत आणलेल्या माझ्याकडे बघत सर अंगणात म्हणाले, “उद्या भंगारवाला येतोय, ही देऊन टाकू. आणि आरू, तू बॅग भर. या हाताने उद्या कुठली शाळा? खाडा पडणारच.”

“त्या मच्छिंद्रला बोललात ना नीट?” रोझीताईंनी, तिच्या आईने, विचारलं.

“बोललो. कबूल केलं त्यानं. चुकलं म्हणाला.”

आराधना माझ्याजवळ आली, पुढच्या मडगार्डावर हात ठेवून उभी राहिली. मी काय करू शकत होते? उभी होते.

“चुकलं म्हणाला? पप्पा, मम्मी, ऐका. चाक त्यानं बरोबरच बसवलं होतं. चिखलात मडगार्ड काढ म्हणून तो दोनदा सांगत होता, मीच ऐकलं नाही. मी खोटं बोलले. आता मी दुकानावर जाणार आणि सगळ्यांसमोर हे त्याला सांगणार. सायकल भंगारात द्यायची नाही. आणि उद्या पहाटे सहाला मी शाळेला चालत निघणार. माझा हात मोडलाय, पाय नाही.”