नाकावरचा रुमाल

मला ढेकरांची पहिल्यापासून किळस आहे. जेवून तृप्तीचा ढेकर देणारा माणूस शेजारी आला की मी अर्ध्या ताटावरून उठत असे. जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात उभी हयात मी लग्नांत निवेदन केलं. नवरीच्या पावलांना, हारांना, आईबापांच्या डोळ्यांतल्या पाण्याला दरबारी जावानी भाषेत शब्द द्यायचे, हे माझं काम. मी, पाक सास्मितो, म्हणजे सास्मितोसाहेब, त्या दिवशी मोकळा नाही म्हणून लोकांनी लग्नं पुढे ढकललेली आहेत.

मग लवंगेच्या सिगारेटींनी घसा खाल्ला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं आणि श्वास घ्यायला गळ्याच्या तळाशी एक भोक ठेवलं. कॅन्सर गेला. मी उरलो, मुका, आणि गळ्यातून शेंबूड गाळणारा.

त्याच डॉक्टरांनी मला मंडळात धाडलं. माझ्यासारखेच घसा गमावलेले लोक दर शनिवारी इस्पितळामागच्या हॉलमध्ये जमतात आणि नवख्यांना पुन्हा बोलायला शिकवतात. कसं शिकवतात ते मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. हवा गिळायची, ती अन्ननलिकेतून परत वर आणायची आणि ओठांपर्यंत येईतो तिचा शब्द करायचा. म्हणजे सरळ भाषेत, ढेकर द्यायचा.

पहिल्या दिवशी मी दारातूनच परत फिरणार होतो. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर म्हातारे बसलेले, गळ्यात लाळेरी बांधलेली, हातात सोड्याच्या बाटल्या. एकेक जण घोट घेई, हनुवटी खाली दाबी आणि ढेकर देई. त्या ढेकरातून "भात", "पाऊस", "बायको" असे शब्द बाहेर पडत. मध्येच कुणाच्या गळ्यातून बेडका उडे आणि तो शांतपणे पुसून टाकी. मी खिशातून इस्त्रीचा रुमाल काढला आणि नाकाला लावला.

"हे साहेब कोण?" समोर उभ्या असलेल्या बाईंनी विचारलं. या बू मुरवानी, म्हणजे मुरवानीबाई, शाळेतल्या पीटीच्या निवृत्त शिक्षिका आणि मंडळाच्या मास्तरीण. त्यांचा आवाज तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसा होता. "साहेब, तुमचं नाक आता शोभेपुरतं आहे. श्वास गळ्यातून चालतो, वास येत नाही. रुमाल धरायचाच तर वीतभर खाली धरा."

सगळे हसले. आमच्या हसण्याला आवाज नसतो. खांदे हलतात आणि गळ्यांच्या भोकांतून हवा फसफसते. त्यांचं खरंच होतं, मला कसलाच वास येत नव्हता. पण रुमाल मी काढला नाही.

मंडळाची आणखी एक रीत होती आणि ती मला सगळ्यांत ओंगळ वाटे. नवख्याला पहिला शब्द जमला की कुणी टाळ्या वाजवत नसे. सगळे मिळून तोच शब्द ढेकरून त्याला परत देत. मला "बाप" जमला तेव्हा अख्खा हॉल "बाप" असा ढेकरला. मी घरी जाऊन अंघोळ केली आणि पुन्हा न जाण्याचं ठरवलं.

एवढ्यात माझ्या मुलीचं, वेनिंगचं लग्न ठरलं.

आमच्यात मुलीच्या बापाने जावयाचा हात हातात धरून आपल्या तोंडाने म्हणायचं असतं, की माझी मुलगी मी तुझ्या निकाहात देतो. बापाला जमत नसेल तर तो काझीवर सोपवतो. त्याला धर्माची ना नाही. हे सुचवायला मुलाचे काका, पाक हार्डोनो, मुद्दाम घरी आले. मोठे अधिकारी. चहाची बशीसुद्धा आवाज न करता ठेवणारे.

"पाकना उगीच त्रास कशाला?" ते माझ्या बायकोला म्हणाले. मी समोरच बसलो होतो, पण मुक्या माणसाशी कुणी थेट बोलत नाही. "काझीसाहेब आहेतच. शिवाय आमच्या कचेरीतली मंडळी येणार, लगेच जेवणं. काहींची पोटं नाजूक असतात."

मी मान डोलावली. अपमान वाटला नाही, उलट पटलं. त्या पवित्र वाक्यावर आपला ढेकर सांडलेला मलाच सोसला नसता.

पाहुणे गेल्यावर वेनिंग समोर येऊन उभी राहिली.

"बापाक, तुम्ही हो म्हणालात?"

मी फोनवर लिहून दाखवलं, लोकांना किळस येईल.

"लोकांच्या मुलींच्या लग्नात घसा फोडलात," ती म्हणाली. "माझ्या लग्नात ढेकरसुद्धा द्यायचा नाही?" आणि तिने चहाचे कप उचलून आत नेले. रात्री ती माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

शनिवारी मी मंडळात गेलो आणि ते वाक्य लिहून बू मुरवानींपुढे धरलं. त्यांनी ते वाचलं आणि कमरेवर हात ठेवले.

"वेनिंग? असलं गुळगुळीत नाव कुणी ठेवलं? तितिक ठेवायचं होतंत. त आणि क कसे ठणठणीत येतात."

मला राग आला. पण त्या मला सोडेनात. मी सोडा रिचवला, हवा गिळली, पोट नगाऱ्यासारखं फुगवलं. "निकाहात" म्हणताना एकदा दुपारचं सूप वर आलं आणि लाळेऱ्यावर पसरलं. मला स्वतःची इतकी घाण वाटली की मी खुर्ची लाथाडली. बू मुरवानींनी फडकं आणलं आणि माझी छाती पुसली, घरचं टेबल पुसावं तशी.

"मला शिट्टी मारता यायची," त्या म्हणाल्या. "मैदानाच्या त्या टोकाची पोरं थांबायची. आता मी ढेकर देते तरी थांबतात. आणि तुम्ही काय एवढे नाजूक? पुन्हा म्हणा."

मी पुन्हा म्हटलं. वाक्य तुकड्यातुकड्यांनी यायला लागलं, पण आलं. किळस मात्र तसूभर कमी झाली नाही.

काझीवर काही सोपवायचं नाही असं मी कळवून टाकलं. मंडळाला मात्र आमंत्रण द्यायचं नाही, अशी ताकीद घरात दिली. एका लग्नात एक ढेकर पुरे. लग्नाच्या सकाळी पाहतो तर शेवटच्या रांगेत सगळे हजर, बाटिकचे सदरे, गळ्यांभोवती रेशमी रुमाल, मध्ये बू मुरवानी. वेनिंगने परस्पर बोलावलं होतं. कचेरीतली मंडळी त्यांच्या आसपासच्या खुर्च्या सोडून बसली होती. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं.

काझीसाहेबांनी माझा हात बागासच्या, म्हणजे होणाऱ्या जावयाच्या हातात दिला आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. मी हवा गिळली. शब्दाऐवजी गळ्यातून बेडका आला. माइकमधून त्याची घरघर मांडवभर ऐकू गेली. मी पुसलं, पुन्हा गिळली. काहीच आलं नाही.

पाक हार्डोनो काझीकडे झुकले. "तुम्हीच म्हणून टाका. लोक खोळंबलेत."

काझीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावणार होतो. तेवढ्यात माझी नजर शेवटच्या रांगेकडे गेली. बू मुरवानींनी हनुवटी खाली दाबली होती. मग शेजारच्याने दाबली, मग त्याच्या शेजारच्याने. अख्खी रांग वर्गात गिळायची तशी हवा गिळत होती, माझ्यासाठी.

मी त्यांच्याबरोबर गिळली.

"बागास," मी म्हणालो. मोरी मोकळी झाली. "माझी... पोटची मुलगी... वेनिंग... मी तुझ्या... निकाहात... देतो."

पुढच्या रांगेत कुणीतरी शी म्हणालं. बागासने मात्र माझा हात दाबला आणि एका दमात उत्तर दिलं, की मी तिचा स्वीकार करतो.

"साक्षीदारांनो, मान्य?" काझीसाहेबांनी विचारलं.

"मान्य," साक्षीदार म्हणाले.

आणि मग शेवटच्या रांगेने, मंडळाच्या रीतीप्रमाणे, एकसाथ ढेकर दिला. "मान्य."

पडद्याआडून वेनिंगचं हसणं ऐकू आलं, रडण्यात मिसळलेलं. माझ्या शेजारी पाक हार्डोनोंनी खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढला, शेवटच्या रांगेकडे पाहिलं आणि तो नाकाला लावला.

मला त्या रुमालाची किळस आली.