सगुणबाबांचा भोंगा

मित्रांनो, मी एक जुना, पत्र्याचा भोंगा आहे. म्हापशाच्या बाजारातल्या एका पत्रेवाल्याने तेलाचा डबा कापून, वाकवून, डाग देऊन मला घडवले. निवडणुकीच्या दिवसांत आमोण्याच्या सगुणबाबांनी मला विकत घेतले. साधा शेतकरी माणूस, उभा राहिला आणि चक्क निवडून आला! मला वाटले, आता हे आमदार होऊन पणजीला जाणार आणि मी अडगळीत पडणार. पण तसे झाले नाही.

विधानसभेचे अधिवेशन संपले की सगुणबाब मला घेऊन गावच्या मांडावर येत. मांड म्हणजे शिगम्याला, आमच्या होळीच्या सणाला, जिथे ढोल वाजतात ती पवित्र जागा. तिथे कोणी चपला घालून जात नाही आणि तिथे दिलेला शब्द कोणी मागे घेत नाही. आपण काय विचारले, मंत्री काय म्हणाले, कुठे आपली फजिती झाली, सारे ते माझ्यातून सांगत. आमदाराने स्वतःची फजिती ओरडून सांगावी! मी थक्कच होत असे.

एका पावसाळ्यात नदीचा बांध फुटला. भरतीचे खारे पाणी शेतांत शिरले आणि उभे भात गेले. पुढच्या शिगम्याला ढोल ऐन रंगात आलेले असताना सगुणबाबांना स्फुरण चढले. मला तोंडाला लावून ते ओरडले, "वैशाखाचे पुनवेआदीं बांद उबो करतां!"

ढोल थांबले. म्हातारे बाबली गावकर हळूच म्हणाले, "सगुणबाब, तुमी मांडार उबे आसात." तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आले, आपण काय बोलून बसलो ते.

बांधाच्या पैशांसाठी पणजीला त्यांनी खूप खेटे घातले. सरकारी साहेब म्हणत, पुढच्या वर्षी बघू. पक्षातली माणसे तर हसलीच. "भाषणात माणूस काहीही बोलतो हो!" चैत्र सरला. एका सकाळी सगुणबाबांनी धोतर वर खोचले, फावडे आणि टोपली घेतली आणि ते एकटेच बांधाकडे निघाले. मला खुंटीवरच ठेवले.

"शब्द म्हजो. घाम लोकांनी कित्याक गाळचो?" एवढेच ते बायकोला, चंद्रावतीबाईंना म्हणाले. माझ्यातून एक हाक दिली असती तर सारे गाव धावून आले असते. ती हाक त्यांनी दिली नाही. इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

चंद्रावतीबाई काही दिवस त्यांना बांधावर जेवण नेऊन देत राहिल्या. मग त्यांना बघवेना. जन्मात कधी आवाज न चढवलेल्या त्या बाईने मला खुंटीवरून ओढले आणि त्या भर रस्त्यात उभ्या राहून माझ्यातून ओरडल्या,

"आमचे हे एकटेच बांद घालतात! तुमकां घरांत बसून शीत गिळवता तरी कशें?"

माझा पत्रा थरथरला. दुपारपर्यंत सारे गाव चिखलात उतरले होते. सगुणबाबांच्या विरोधात मते देणारेही टोपल्या वाहत होते.

पुनवेची भरती आली. पाणी बांधाच्या काठाला लागले, थोडा वेळ तिथेच घुटमळले आणि मागे फिरले. सगुणबाब अनवाणी मांडावर आले. मला तोंडाला लावले. ते म्हणाले, "शब्द हांवें दिल्लो. राखलो तुमी." माझ्या आत त्यांचा श्वास कापत होता.

पुढची निवडणूक ते हरले. तेही त्यांनी मांडावर येऊन माझ्यातूनच सांगितले.

आता सगुणबाब आणि चंद्रावतीबाई दोघेही नाहीत. त्यांची नात सिद्धी म्हणते, याचा गंज घासून काढू, रंग देऊ आणि दिवाणखान्यात लावू. ऐकून बरे वाटते. पण मित्रांनो, त्या बांधाकडे आता कोणी फिरकत नाही. खेकड्यांनी त्याला भोके पाडली आहेत. भरतीला त्यातून खारे पाणी झिरपते आणि गाव म्हणते, सरकार बघेल.

माझा गंज राहू द्या. आधी ती भोके बुजवा.