शिलापुरीची वही

"आत काय हाय?" पोस्टमास्तर नानाजींनी पुडकं हातावर तोलत विचारलं.

"वही," देवमन म्हणाला.

"फकत वही? मंग रजिस्टर कायले करून राह्यला बाप्पा? सादं टाक ना."

"नाई. रजिस्टरच करा. अन् शिक्का जरा हळू मारा."

नानाजींनी शिक्का मारला तो नेहमीसारखाच, दणकन.  पावती घडी करून देवमननं खिशात ठेवली, सायकलपर्यंत गेला आणि परत आला. खिडकीतून डोकावून पाहिलं तर पुडकं अजून टेबलावरच होतं आणि नानाजींनी त्यावर चहाचा कप ठेवला होता.

"नानाजी, कप उचला तेवढा."

"आरे, थैलीत टाकतो ना आता! पुन्याले जाईन थे बरोबर. तू जाय आपल्या कामाले."

देवमन कामाला गेला. तो मलेरियाचा माणूस. कामरगाव, धनज आणि आसपासची खेडी अशी त्याच्याकडे साडेआठशे घरं होती. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक दारात उभं राहून विचारायचं, कोणाला ताप आहे का. असला तर बोट टोचून काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, गोळ्या द्यायच्या, दाराच्या पाटीवर तारीख टाकायची. कोणत्या घरात किती माणसं, कोण बाळंतपणाला माहेरी गेली, कोण कामासाठी परमुलखात गेलं, सगळं त्याच्या रजिस्टरात असे. चौदा वर्षं हेच काम. आता तो शेहेचाळीसचा होता.

पण त्या दिवशी, दिवसाच्या सत्तर घरांपैकी तिसाव्या घरातच त्यानं पट्टीवर नंबर चुकीचा घातला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्या वहीची हकीकत अशी. गावच्या वाचनालयात 'शिलापुरी' नावाच्या अद्भुत कादंबरीचे नऊ भाग होते. एका शापानं अख्खं नगर दगड झालेलं, सात घराणी तो शाप उतरवायला निघालेली, सात समुद्र, अकरा गड, एकाच नावाचे तीन राजे. वाचनालय सांभाळणारे शालिग्राम पाटील सांगत, पहिला भाग शंभर माणसांनी नेला असेल, तिसऱ्याच्या पुढे पाच-सहाच गेले. कारण पुस्तकं क्रमानं मिळत नसत. चौथा भाग कोणी नेला की तीन महिने परत यायचा नाही. तोवर वाचणाऱ्याला आठवायचं नाही की हा चंद्रकेतू राजाचा मेहुणा की त्याला मारायला आलेला.

देवमनलाही आठवत नसे. म्हणून त्यानं आपल्या सवयीप्रमाणे रजिस्टर आखलं. अनुक्रमांक, नाव, बापाचं नाव, गड, पहिल्यांदा कोठे दिसला, शेवटी कोठे दिसला, सध्याची स्थिती आणि शेरा. स्थितीच्या रकान्यात चारच शब्द असत: जिवंत, मयत, दगड, बेपत्ता. सात वर्षं तो लिहीत होता. एकशे त्रेचाळीस पानं, चारशे बारा नावं. शेवटी घराण्यांच्या वंशावळी आणि दोन पानांवर मिळून एक नकाशा, तोही मलेरियाच्या नकाशासारखा, विहिरी आणि वाटांसकट.

शालिग्रामनं ती वही एकदा पाहिली आणि वाचनालयाच्या टेबलाला सुतळीनं बांधून ठेवली. मग 'शिलापुरी'चे भाग फिरायला लागले. बाया घरी पुस्तक ऐकत आणि कोडं पडलं की पोराला नाही तर नवऱ्याला पिटाळत, "जाय, वहीत पाहून ये." शालिग्रामची थोरली बहीण प्रयागबाई तर स्वतः येऊन बसे. देवमनच्या बापाला त्या वाचनालयाची पायरी चढायची सोय नव्हती. ते दिवस गेले, पण सगळेच गेले असंही नव्हतं. मात्र देवमनची वही आत, मधल्या टेबलावर होती, आणि ती उघडताना लोक हात पुसत.

नववा भाग निघूनही सहा वर्षं झाली होती. दहावा, शेवटचा भाग काही येईना. देवमननं एकदा धीर करून प्रकाशकाला लिहिलं की चौथ्या भागात मेलेला सेनापती सहाव्यात दरबारात बसला आहे, तरी दुरुस्ती व्हावी. पत्रात त्यानं आपल्या वहीचाही उल्लेख केला. आठ महिन्यांनी उत्तर आलं, ते खुद्द लेखकाचं. अक्षर दुसऱ्याचं होतं. 'माझं वय चौऱ्याहत्तर आहे. डोळे जवळजवळ गेले आहेत. शेवटचा भाग सांगून लिहून घ्यायचा आहे, पण माझीच माणसं मला आठवत नाहीत. माझी टिपणं पुरात वाहून गेली. आपली वही दोन महिन्यांसाठी मिळेल का?'

देवमनची बायको लिलाबाई म्हणाली, "आधी नक्कल करा. मंग धाडा."

दोघं मिळून वाचनालयातच नक्कल करायला बसले. ती नावं वाची, तो लिही. अकरा पानं झाली तेव्हा पोस्टकार्ड आलं: 'दुसरं ऑपरेशन ठरलं आहे. त्याआधी मिळाली तर उपकार होतील.' देवमननं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सुतळी सोडली.

एप्रिल गेला. मे गेला. जूनच्या मध्यावर दोन महिने पुरे झाले. देवमन रोज पोस्टावरून सायकल नेऊ लागला. ते त्याच्या वाटेवर नव्हतं.

"नाई आलं," त्याला पाहताच नानाजी खिडकीतूनच हात हलवत.

"पोचलं तरी असंन ना?"

"पोचपावती आलती ना तुही? सही हाय ना तिच्यावर?"

सही होती. पण ती कोणाची हे वाचता येत नव्हतं. देवमननं तीन पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. त्याला वाटू लागलं, म्हाताऱ्याला काही झालं असेल. मग वाटलं, वही रद्दीत गेली असेल. एखादा दुकानदार एकेक पान फाडून त्यात शेंगदाणे बांधून देतो आहे, असं त्याला जेवता जेवता दिसायचं.

"पाठ असंन ना तुमाले," लिलाबाई म्हणाली. "पुन्हा लिवा."

त्यानं प्रयत्न केला. दोनशे नावं झाली आणि पुढे सगळा गोंधळ. कोण कोणाचा, कोणत्या गडाचा, काही सुचेना.

वाचनालयात टेबलाला सुतळी तशीच लोंबत होती. आषाढात शालिग्रामनं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "देवमन, वही तुही होती, मान्य. पन लोकायच्या कामाची होती. कोनाले इचारून धाडली?"

"थ्या मानसाचीच मानसं हायेत थे, पाटील. त्यालेच आठवत नाई तं—"

"त्याले आठवत नाई अन् आता आमालेबी आठवत नाई! दोन्हीकडून गेलं."

प्रयागबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "बोलू नको त्याले. त्याच्या तोंडाकडे पाह्य जरा."

ऑगस्टमध्ये देवमननं आठ दिवसांची रजा टाकली. चौदा वर्षांत पहिल्यांदा. कारंज्याहून छोट्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून मोठी गाडी. पुण्याला तो यापूर्वी गेला नव्हता. पत्ता विचारत विचारत दुपारी एका जिन्याशी पोचला. तो वर चढला. दारात सुतकाची काही खूण नव्हती, रडणं नव्हतं, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

दार उघडलं ते पन्नाशीच्या एका बाईनं. त्यानं नाव सांगितलं तशी ती दोन पावलं मागे सरली.

"बाबा," ती आत वळून म्हणाली, "ते आले आहेत. कामरगावचे."

 आतून कोणी तरी म्हणालं, "येऊ दे."

काळा चष्मा लावलेला बारीकसा म्हातारा आरामखुर्चीत होता. मांडीवर वही होती. त्यानं तिच्यावर दोन्ही हात ठेवले होते.

मुलगी म्हणाली, "तुमची तिन्ही पत्रं आली. मी उत्तर लिहायला बसायचे, आणि बाबा म्हणायचे, उद्या लिहू. तुम्ही वही परत मागाल म्हणून घाबरत होते."

 चार महिने देवमन ज्या भीतीनं पोखरला होता, तीच इथे, या खुर्चीत बसली होती.

"ऑपरेशन यशस्वी झालं नाही," म्हातारा म्हणाला. "एका डोळ्याला उजेड-सावली कळते. ही सकाळ-संध्याकाळ तासभर वाचते. एकेक नाव. मी तेवढं ऐकतो आणि तो माणूस समोर येऊन उभा राहतो. मला ठाऊक नव्हतं हो, मी एवढे निर्माण केले होते म्हणून." मग वहीवर हात फिरवत, "शेऱ्याचा रकाना रिकामा का ठेवलात?"

"तो आमच्या रजिस्टरात सायबासाठी असते जी. आमी खालचे लोकं. आमी फकत पाह्यलं थे लिवतो."

म्हातारा हसला नाही. "दुसऱ्या भागात एक पाणी भरणारी बाई आहे. एका ओळीची. तुम्ही लिहिलंय, बेपत्ता. ती मला अजिबात आठवत नाही."

"नगर दगड झालं तवा थे विहिरीवर गेलती. वापस आली का नाई, तुमी लिवलंच नाई."

"आणि तुम्ही सात वर्षं तिची वाट पाहिलीत?"

"वाट म्हंजे..." देवमन अडखळला. "घरी एक मानूस कमी दिसलं की इचारा लागते ना जी. आमचं कामच हाय थे."

तो वही घ्यायला आला होता. पिशवीत मेणकापड आणलं होतं, लिलाबाईनं दिलेलं. निघायच्या वेळी मुलीनं वही उचलून त्याच्यापुढे धरली, आणि खुर्चीतल्या म्हाताऱ्याचे रिकामे हात मांडीवर तसेच राहिले. देवमननं ते पाहिलं. मेणकापड पिशवीतून काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"याच्यात ठेवजा," तो म्हणाला. "पावसाचे दिवस हायेत."

परतीच्या गाडीत त्याला भीती होती ती शालिग्रामची. झालंही तसंच. "पुन्याले जाऊन हात हालवत आला!" शालिग्राम म्हणाला आणि पंधरा दिवस बोलला नाही. देवमननं पुन्हा घरोघरची दारं धरली. पावसाळा सरत होता, तापाचे रोगी वाढले होते, एका वस्तीत तर घरटी एक. बोटं टोचता टोचता त्याच्या मनात एकच हिशेब चाले: मुलगी दिवसाला दोन-तीन नावं वाचत असेल, तर कितव्या नावापर्यंत आली असेल. म्हातारा तोवर टिकेल का.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लेखक गेल्याची चार ओळींची बातमी आली. ती शालिग्रामनंच त्याला दाखवली. 

डिसेंबरात मेणकापडात गुंडाळलेलं पुडकं आलं. नानाजींनी ते स्वतः सरकारी दवाखान्यात देवमनच्या हातात आणून दिलं. सोबत मुलीचं पत्र होतं. दहावा भाग झाला नाही. बाबांनी कादंबरी सांगायला घेतली की दमून जात, पण नावं ऐकताना उठून बसत. म्हणून त्यांनी शेवटी तेवढंच केलं.

देवमननं वही वाचनालयात नेली आणि सगळ्यांसमोर उघडली. शेऱ्याचा रकाना भरला होता. एकशे अठ्ठ्याऐंशी नावांपर्यंत. बहुतेक मुलीच्या अक्षरात, मधूनमधून वेड्यावाकड्या, एकमेकींवर चढलेल्या ओळी म्हाताऱ्याच्या स्वतःच्या. 'पुन्हा माणूस झाला. पण कोणाला ओळखत नव्हता.' 'दगडच राहिला. मुलं त्यावर बसून खेळतात.' 'सेनापती चौथ्या भागातच मेला होता. चूक माझी.' आणि पाणी भरणाऱ्या बाईपुढे: 'हिला मी विसरलो होतो. कामरगावचे देवमन विसरले नव्हते. ही घरी पोचली.'

शालिग्रामनं ती ओळ मोठ्यानं वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, या वेळी हळू. प्रयागबाईंनी पदरानं डोळे टिपले. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, "आपल्या गावाचं नाव हाय की त्याच्यात."

लोक पानं उलटत एकशे एकोणनव्वदपाशी आले. तिथून पुढे रकाना कोरा होता.

"देवमन," शालिग्राम म्हणाला, "बाकीचं तूच लिवून टाक ना. तुह्यापेक्षा कोनाले जास्त मालूम हाय? लोकायले शेवट तरी भेटंन."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. देवमननं वही आपल्याकडे ओढली, कोऱ्या रकान्यावरून अंगठा खालपर्यंत नेला.

"मले नाई मालूम, पाटील," तो म्हणाला. "म्या नाई पाह्यलं."

नवं रजिस्टर आखून तो आणि लिलाबाई रविवारी दुपारी ओसरीवर बसले. ती वाचत होती, तो उतरवत होता. नाव, बापाचं नाव, गड, स्थिती, शेरा. एकशे एकोणनव्वदपाशी ती थांबली.

"इथून पुढं शेरा नाई."

"हो. तू नावं वाच."

ती नावं वाचत राहिली. प्रत्येक नावानंतर, लिहायला काही नसतानाही, एक ओळ लिहायला लागेल तेवढा वेळ देवमन थांबत होता.