फ्लेमिंगोंचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. धोतऱ्याच्या फुलासारखं तोंड पसरलेला, अ‍ॅल्युमिनियमचा, साधा भोंगा. आजवर माझ्या तोंडून दुसरीच माणसं बोलली. ती थांबली की मीही थांबायचो. माझं असं मी काही बोललो नाही आणि मला कुणी विचारलंही नाही. आज जरा बोलतो. सावकाश बोलेन. शाळा काही पाहिली नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

माझा जन्म कुर्ल्यातल्या एका पत्र्याच्या गाळ्यात झाला. तिथून उरणकडच्या जासईच्या बाजीराव घरतांनी मला गावात आणलं. त्या वेळी जासईला शेती होती, मिठागरं होती. लग्नघरात धवलारणी माझ्यातून धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायच्या, सत्यनारायणाची कथा माझ्यातून व्हायची. कुणी गेलं तर तो निरोपही मीच गावभर पोचवायचो. सगळ्यांच्या सुखदुःखाला माझं तोंड चालत होतं.

पुढं जमिनी गेल्या आणि शेतांच्या जागी कंटेनरचे यार्ड आले. हळदीला माणूसभर उंचीच्या स्पीकरच्या पेट्या दणाणायला लागल्या. माझ्यासारख्या बारीक आवाजाच्या म्हाताऱ्याला कोण विचारतो? मी माळ्यावर गेलो. बाजीरावही गेले.

मला खाली काढलं त्यांच्या मुलानं, बंडूनं. धूळ पुसली, फुंकर मारली आणि गावोगावच्या क्रिकेट सामन्यांना घेऊन गेला. बंडूचा आवाज काय सांगू तुम्हाला. चौकार, षटकार तो सांगायचाच, पण लोक यायचे ते वेगळ्याच गोष्टीसाठी. "आपल्या सर्वांचे लाडके, गावदेवी मंडळाचे आधारस्तंभ, यांचं मैदानावर आगमन झालेलं हाय, त्यांनी व्यासपीठावर यावं ही नम्र विनंती." आपलं नाव माझ्यातून निघालं की माणूस दोन बोटं उंच व्हायचा. मग शाल, नारळ, फोटो. तोवर सामना थांबायचा. फलंदाज बॅटीवर रेलून उभा, गोलंदाज चेंडू पँटीला घासत उभा. क्रिकेट तसं गरीब जनावर, थांब म्हटलं की थांबतं.

आणि एकाचं नाव घेतलं की सगळ्यांचं घ्यावं लागतं. एखादं राहिलं तर तो माणूस वर्षभर बंडूच्या दारावरून जायचा, पण मान वळवायचा नाही. बंडूनं कधी कुणाला सोडलं नाही. कागदाशिवाय सगळी नावं त्याच्या तोंडात असायची.

बंडूचा मुलगा विश्वजित. दांडगा पोरगा, कबड्डीत चार जणांना अंगावर घेऊन रेषेपर्यंत जायचा. पोटासाठी यार्डात ट्रेलरवर कंटेनर बांधायचं काम करायचा. उरणच्या एका कबड्डी सामन्यात कुणी रग्बीच्या कोचनं त्याला बघितलं आणि नव्या क्लबात घेऊन गेला. नेरुळ फ्लेमिंगो असं क्लबाचं नाव. खेळायचे पैसे द्यायचे, तेही दर महिन्याला.

बंडूची आई बायजाबाई ऐकून म्हणाली, "खेलाचा पगार? मंग कामाचा काय देतान?"

गावातली पोरं हसायची. "फ्लेमिंगो? म्हंजे एका पायावर उभं राहून खेलतान काय रं?"

विश्वजितही हसायचा. पण यार्डातून यायचा तेव्हा त्याची मान खाली असायची, आणि सरावाहून यायचा तेव्हा शिटी वाजवत यायचा. एवढा फरक मला खुंटीवरूनही कळत होता.

क्लबात एक राजश्री मॅडम होत्या, सीवूड्सच्या. लोक जमवायचं काम त्यांच्याकडे. एके दिवशी त्या विश्वजितबरोबर घरी आल्या, ओट्यावर बसल्या आणि पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला.

"काका, मॉलमध्ये स्टॉल लावला," त्या बंडूला म्हणाल्या. "टोप्या वाटल्या, फुगे वाटले, तिकीट तर फुकटच आहे. लोक टोपी घालतात, सेल्फी काढतात आणि सरकत्या जिन्यानं वर सिनेमाला जातात. मैदानावर आमच्या ड्रायव्हरला धरून माणसं मोजावी लागतात. विश्वजित सांगतो, तुम्ही बोललात की गर्दी होते."

बंडूनं त्या हंगामात क्रिकेटवाल्यांना नाही म्हणून सांगितलं. पोराच्या खेळासाठी. मला घेऊन तो फ्लेमिंगोंच्या मैदानावर आला. तळोज्याच्या वाटेवर भाड्यानं घेतलेलं मैदान, एका अंगाला लोखंडी पायऱ्यांचा स्टँड आणि त्याच्या पाठीमागं, वर, व्यासपीठ. वारा फिरला की कारखान्यांचा वास यायचा. व्यासपीठाशेजारच्या खांबावर मला बांधलं, तोंड मैदानाकडे करून, म्हणजे पलीकडच्या दोरीपाशी उभ्या राहणाऱ्यांनाही ऐकू जावं.

पहिल्या सामन्यात बंडू सारखा ओरडत होता, "अरे फेक, पुढं फेक." खेळाडू पळता पळता हसत होते. घरी गेल्यावर विश्वजितनं अंगणात सालासकट नारळ हातात घेतला.

"बाबा, हातानं पुढं टाकायचा नाय. टाकला की फाऊल. आपण पुढं जायचं, नारळ मागच्याला द्यायचा. आणि समोरच्यांच्या रेषेपल्याड जाऊन तो जमिनीला टेकवायचा. त्याला ट्राय म्हणतात."

"मागं कोन हाय ते बघायचं कसं?"

"बघायचं नाय. तो असतो."

बायजाबाई आतून म्हणाली, "माजा नारल फोरू नका. उद्या कालवणाला हाय."

पुढच्या सामन्याला बंडूनं माइक धरला आणि कधी नव्हे तो हळू बोलला. "मंडळी, या खेळात चेंडू पुढं फेकत नाहीत. पुढं स्वतः जायाचं. आपला माणूस मागून येतोय ह्या भरवशावर त्याच्या हातात द्यायाचा." स्टँडमध्ये नेरुळचं एक निवृत्त जोडपं थर्मास घेऊन बसायचं. त्यातल्या बाई मान डोलवून नवऱ्याला म्हणाल्या, "बघा, आत्ता कळलं."

मग थोडं थोडं माणूस यायला लागलं. पाळी सुटलेले तळोज्याचे कामगार, डबा हातात धरून दोरीपाशी उभे. चुकलेला पास त्यांना आता आपसूक कळायचा, पंचाच्या आधी तेच "फॉरवर्ड" म्हणून ओरडायचे. थर्मासवाल्या बाईंनी शेजारणीला आणलं. गर्दी म्हणावी असं काही नव्हतं. पण ही माणसं खेळ बघायची. माझ्या एवढ्या आयुष्यात मी असली माणसं थोडी पाहिली.

क्लबाचे मालक दुसऱ्या शहरातले. त्यांना थोडी माणसं परवडत नव्हती. इथल्या शेवटच्या सामन्याआधी राजश्री मॅडम पुन्हा ओट्यावर येऊन बसल्या. या वेळी पाणीही मागितलं नाही.

"टीव्हीवर दाखवणार आहेत, मालक बघणार आहेत. स्टँड भरलेला दिसला तर क्लब इथंच राहील. नाही तर दुसऱ्या राज्यात नेतायत."

"आनि पोरं?"

"दोघा-तिघांना घेऊन जातील, काका. विश्वजित अजून नवा आहे. एकही ट्राय नाही त्याच्या नावावर."

बंडूनं मनातल्या मनात गावाची नावं मोजली. मग म्हणाला, "स्टँड मी भरतो. आपल्या गावच्या चंद्रशेखरशेठना निमंत्रण देतो. शेठ आले की मागं गाव येतंय."

"चालेल. पण सत्कार मध्यंतरात हं. आमच्यात खेळ थांबत नाही कुणासाठी."

"होय तर," बंडू म्हणाला.

त्या दिवशी सकाळपासून शाली ताटात घडी घालून ठेवल्या होत्या, वर रुमाल. पुढच्या खुर्च्या पाहुण्यांसाठी राखल्या होत्या. बंडूनं थर्मासवाल्या जोडप्याला हात जोडले, "जरा मागं बसून घ्या, पाहुणे यायचे हायत." ते मागं गेले. मागं व्यासपीठाच्या कनातीआडून मैदान दिसत नव्हतं. थोड्या वेळानं ते उठून गेले. दोरीपाशी गाड्या लावायची सोय केली होती, म्हणून कामगारांना तिथून हलवलं. तेही डबे उचलून रस्त्याला लागले. बंडूला ह्यात काही वावगं वाटलं नाही. पाहुण्याला जागा करून देणं हेच त्याला बापानं शिकवलं होतं.

मध्यंतर आलं आणि गेलं. शेठ आले नाहीत, त्यांच्या वाटेत दोन हळदी होत्या. रिकामा स्टँड टीव्हीवर दिसत असणार. राजश्री मॅडम ओढणीचं टोक पिळत बसल्या होत्या. दुसरा डाव निम्मा झाला आणि गाड्यांचे हॉर्न ऐकू आले. गाड्यांमागं गाड्या, त्यांतून पांढरे कपडे, गॉगल, पोरंटोरं, मंडळंच्या मंडळं. स्टँड बघता बघता भरला. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काका, सत्कार सामना संपल्यावर," त्यांनी बंडूच्या कानाशी सांगितलं.

दुसऱ्या कानाशी शेठचा माणूस होता. "बंडूशेठ, शेठना पुढं उलव्याला जायाचं हाय. आता उरकून घे. नायतर निघतो आमी."

निघतो म्हणजे सगळेच निघणार. बंडूनं एकदा मैदानाकडे बघितलं, एकदा स्टँडकडे. मग मैदानाकडे पाठ केली आणि माइक उचलला.

"आपल्या सर्वांचे मार्गदर्शक, चंद्रशेखरशेठ यांचं मैदानावर आगमन झालेलं हाय."

सगळा स्टँड मैदानाकडे पाठ करून वर व्यासपीठाकडे वळला. मोबाईल वर झाले. शेठनंतर त्यांचे बंधू, मग मंडळाचे अध्यक्ष, मग उपाध्यक्ष, मग माजी अध्यक्ष. मधे थांबता येत नव्हतं. जे राहिले असते ते दुखावले असते. मी बंडूच्या आवाजात नावं सांगत होतो, आणि माझं तोंड मैदानाकडे होतं.

विश्वजितनं त्याच वेळी ट्राय केला.

तो रेषेपल्याड पडला, वरून त्याचे गडी पडले. तेवढ्यात शेठच्या खांद्यावर शाल पडली आणि सगळ्या स्टँडनं टाळ्या वाजवल्या. कडकडून वाजवल्या. विश्वजित उठला, तोंडाला माती, आणि त्यानं स्टँडकडे बघून हात वर केला. इतक्या लोकांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवल्याचं त्यानं जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. मग त्याला पाठी दिसल्या. सगळ्यांच्या नुसत्या पाठी. त्यानं हात हळूच खाली घेतला आणि तोंडावरची माती पुसल्यासारखं केलं.

शेठ उलव्याला गेले. त्यांच्या मागं गाव गेलं. उरलेला सामना मोकळ्या पायऱ्यांसमोर झाला. फ्लेमिंगो जिंकले म्हणे. ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून बंडूनंही ते माझ्यातून सांगितलं नाही.

घरी परतताना टेम्पोत बापलेक शेजारी बसले होते. मी त्यांच्या पायाशी.

"बाबा, बघितला ना?" विश्वजितनं विचारलं.

"बघितला तर," बंडू म्हणाला. "एक नंबर."

पोरगं बुटांच्या नाड्या सोडायला वाकलं. बापाला आणखी खोटं बोलायला लावू नये, एवढंच त्याच्या मनात असावं.

टीव्हीवर भरलेला स्टँड दिसला होता, पण मैदानाकडे पाठ केलेला. मालकांना कारण पाहिजे होतं, ते मिळालं. क्लब गेला. राजश्री मॅडम निरोपाला आल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, मी स्टँड भरा म्हटलं होतं, तुम्ही भरलात." बंडूनं चहा पुढं केला. तो कुणीच प्यायला नाही.

विश्वजित पुन्हा यार्डात कंटेनर बांधतो. बंडू पुन्हा क्रिकेटला जातो, भाड्याच्या पेट्या घेऊन. त्यातून नावं जास्त खणखणीत जातात. मला त्यानं विकलं. विकण्याआधी फडक्यानं पुसलं, एकदा तोंडाशी धरलं, जणू काही बोलणार आहे. मग खाली ठेवलं.

आता मी मानसिंगच्या टेम्पोवर असतो. मानसिंग भंगार घेतो. त्याचा आवाज एका डबीत भरलेला आहे आणि तोच दिवसभर माझ्यातून फिरतो: जुनं लोखंड, पत्रा, रद्दी, बॅटरी. नेरुळ, सीवूड्सच्या इमारतींखालून जातो. खिडक्या बंद होतात. रग्बीचं नाव आता या वाटांवर कुणी काढत नाही आणि पुढं काढील असंही मला वाटत नाही.

मानसिंग टपरीवर चहा पितोय, तोवर माझं मी बोलून घेतो. जे त्या दिवशी माझ्यातून जायला हवं होतं ते सांगतो. मंडळी, चेंडू मधल्या गर्दीतून बाहेर आला. समोरच्या दोघांना अंगाशी बांधून ठेवून आपल्या मधल्या गड्यानं तो मागं सोडला, न बघता. मागं, डाव्या रेषेपाशी, विश्वजित होता. पहिल्याला त्यानं खांद्यावर घेतलं, दुसऱ्याचा हात कमरेवरून निसटला. तिसरा पायाला लोंबकळला, त्याला ओढत ओढत नेला. शेवटी गुडघ्यावर आला आणि दोन्ही हातांनी चेंडू असा खाली ठेवला, जसं झोपलेलं मूल ठेवतात.

कधी जासईला जाणं झालंच तर यार्डाच्या फाटकाशी पाळी सुटताना थांबा. खांदे रुंद असलेला, मान खाली घालून चालणारा पोरगा दिसेल. त्याला फार काही बोलू नका, त्याला ते आवडणार नाही. एवढंच म्हणा की तू डाव्या रेषेवरून गेला होतास, आम्हाला ठाऊक आहे.

तुम्ही जाल असं काही मी धरून बसलेलो नाही. मानसिंगचा चहा संपला.